आफ्रिकेत व्यापारी करार अडतात कुठे, संसदेत की कोर्टात?

वकीलबुवा:
सह्या भरपूर झाल्यात, गाडी अडते ती पुढे. नायजेरिया घ्या. तिथल्या घटनेचं कलम १२ म्हणतं, संसदेने कायदा केल्याशिवाय आंतरराष्ट्रीय करार देशात लागू नाही. विमानांवरच्या हक्कांबद्दलच्या २००१ च्या केपटाऊन करारासाठी तो कायदा २००६ मध्ये झालाही. तरी चालायचं काय? विमान कंपनीने भाडं थकवलं, मालकाने विमान परत मागितलं, की कंपनीचा वकील कोर्टातून 'जैसे थे' आणणार. विमान लागोसला धूळ खातंय, इकडे तारखांवर तारखा. पुढच्या कंपनीला मग भाडं चढं, किंवा विमानच नाही. शेवटी २०२४ मध्ये फेडरल हायकोर्टाने अशा दाव्यांसाठी वेगळी कार्यपद्धती काढली. माझं मत: नवे करार बास, आधी कोर्टाचे नियम लिहा.

आडमुठा:
म्हणजे परदेशी सावकाराला पायघड्या! स्थगिती द्यायचीच नसेल तर न्यायाधीश कशाला, कारकुनाला शिक्का द्या. पी अँड आयडी कंपनीचं प्रकरण विसरलात? गॅस प्रकल्प उभाच न केलेल्या कंपनीला लंडनच्या लवादाने २०१७ मध्ये नायजेरियाकडून ६.६ अब्ज डॉलर देवविले. व्याजासह रक्कम ११ अब्जांवर गेली. मागाहून कळलं, लाच चारली होती. घरचं कोर्ट थोडं अडून बसलेलंच बरं.

वकीलबुवा:
आणि २०२३ मध्ये त्या निवाड्यातली फसवणूक उघडी पाडली कुणी? लंडनच्याच हायकोर्टाने. घरच्या स्थगितीने नव्हे.

शमा_द:
करार थेट लागू केला तरी भागत नाही हो. ओहाडा बघा, म्हणजे आफ्रिकी देशांनी व्यापारी कायदे एकसारखे करायला काढलेली संघटना. १९९३ चा करार, आज १७ देश, समान कायदे संसदेत न जाता लागू, वरचं न्यायालय आयव्हरी कोस्टमधल्या अबिदजानला. कागदावर चोख! पण मूळ करारात कामकाजाची भाषा फक्त फ्रेंच. २००८ च्या दुरुस्तीत इंग्रजी आली, तरी २०१६ मध्ये कॅमेरूनच्या इंग्रजीभाषक भागातले वकील रस्त्यावर उतरले, त्यांच्या तक्रारींत ओहाडाचे कायदे इंग्रजीत मिळत नाहीत हीही होती. नियम लिहा म्हणताय, कुणाला वाचता येतील ते?

आडमुठा:
हेच म्हणतोय. संसद वगळली की असं होतं.

वकीलबुवा:
संसद न वगळताही होतं. केपटाऊन करारात आपण, म्हणजे भारत, २००८ ला गेलो, स्वतंत्र कायदा २०२५ ला. मधल्या काळात गो फर्स्ट ही विमान कंपनी बसली आणि विमानमालक दिल्लीत जवळजवळ वर्षभर कोर्टात.

आडमुठा:
मालकांचं कळलं. पगार थकलेल्या वैमानिकांचं काय?

वकीलबुवा:
केपटाऊन कराराचं कलम ३९ वाचा. देशाने तशी घोषणा केली तर थकीत पगाराचा हक्क आधी. भारताने केलीय. मात्र भाडं थकल्याचं जाहीर झाल्यानंतरच्याच पगारापुरती.

आडमुठा:
म्हणजे आधीच्या पगारावर पाणी. छान.