मदत हवी: लाइन जाऊन आली की काट्यावरचा उबुंटू अडीच मिनिटं अडकतो

कापूसकाटा:
जिनिंगच्या वजनकाट्यावर उबुंटू सर्व्हर २२.०४ आहे, एसएसडीवर. तरी लॉगिन यायला अडीच मिनिटं. पडद्यावर 'वेट फॉर नेटवर्क टू बी कॉन्फिगर्ड' आणि २ मिनिटांची मोजणी. 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम'मध्ये (कशाला किती वेळ लागला ती यादी) सर्वांत वर 'सिस्टमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन'. दोन लॅन पोर्ट: एकात फायबरच्या डब्याची वायर, दुसरा रिकामा. वजन दाखवणारा इंडिकेटर सिरियल पोर्टवर. हंगामात लाइन कितीदा जाते ते सांगायला नको, बंड्या गेटाबाहेर उभ्या राहतात. ही सर्व्हिस मास्क (पुरती बंद) करून टाकू का?

पऱ्हाटी२२:
थांबा भाऊ, मास्क नको. बरोबर २ मिनिटं म्हणजे नेटवर्क हळू नाही, वाट पाहून सोडून दिलंय. त्या सर्व्हिसची मुदतच १२० सेकंदांची. नेटप्लानमधले (उबुंटूची नेटवर्क सेटिंग) सगळे पोर्ट तयार होईपर्यंत ती थांबते, आणि रिकाम्या पोर्टाला आयपी (नेटवर्कचा पत्ता) मिळणार कुठून? नेटप्लानच्या फाइलीत फक्त त्या पोर्टाखाली 'ऑप्शनल: ट्रू' लिहा. स्पेसच द्या, टॅब चालत नाही. मग 'नेटप्लान ट्राय'.

कापूसकाटा:
केलं. चालू लाइनीवर रीबूट केलं तर ३० सेकंदांत लॉगिन. पण लाइन जाऊन आली की पुन्हा तेच.

पऱ्हाटी२२:
तेव्हा डबाही मशीनसोबतच सुरू होतो, आणि त्याला मशीनपेक्षा जास्त वेळ लागतो. 'सिस्टमसीटीएल एडिट' करून वेट-ऑनलाइनला '--टाइमआउट=२०' द्या. आधी 'एक्झेकस्टार्ट=' अशी रिकामी ओळ, तिच्याखाली नवी. सर्व्हिस वनशॉट (एकदा चालून संपणारी) आहे. रिकामी ओळ विसरलात तर आधी जुनीच ओळ चालेल, १२० सेकंदं तशीच. मुदत संपली तरी डीएचसीपी (आयपी मागणं) मागं चालूच राहतं, डबा जागा झाला की आयपी येतो.

टर्मिनलवाला:
खरा प्रश्न हा की काट्याला नेट हवंच काहून? काट्याच्या प्रोग्रॅमच्या युनिट फाइलीत (तो कधी सुरू व्हावा ते सांगणारी) 'आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट' आहे का बघा. डेटाबेस त्याच मशीनवर असेल तर ती ओळ आणि सोबतची 'वॉन्ट्स=' काढा, जागी डेटाबेसची सर्व्हिस लिहा. इथं साधं 'एडिट' उपयोगाचं नाही, त्यानं बनणाऱ्या जोडफाइलीतून, म्हणजे ड्रॉप-इनमधून, 'आफ्टर=' रिकामं होत नाही. 'एडिट --फुल' करा.

कापूसकाटा:
ओळ होती, काढली. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या फोल्डरांची यादी) ऑफिसच्या मशीनचा एनएफएस (नेटवर्कवरचा) फोल्डरही आहे.

टर्मिनलवाला:
म्हणूनच मास्क नको. त्या ओळीला '_नेटडेव्ह,नोफेल,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट' जोडा, फोल्डर कुणी उघडला तेव्हाच जोडला जाईल. लॉगिन तरी २० सेकंद अडलं तर ते क्लाउड-इनिटमुळे (क्लाउडवरच्या मशीनची सुरुवातीची मांडणी करणारा प्रोग्रॅम). 'इटीसी/क्लाउड-इनिट' नव्हे, 'इटीसी/क्लाउड'मध्ये 'क्लाउड-इनिट.डिसेबल्ड' नावाची रिकामी फाइल ठेवा.

पऱ्हाटी२२:
एक राहिलं, आणि ते पावतीवर भोवतं. आता काटा नेटआधी सुरू होणार, म्हणजे वेळ बोर्डाच्या घड्याळाची. सीआर२०३२ सेल मेला असेल तर नेट येऊन वेळ जुळेपर्यंत पावत्यांवर चुकीची तारीख पडेल. मशीन बंद करून प्लग काढा, तासाभरानं लॅनची वायर न जोडता सुरू करा आणि 'टाइमडेटसीटीएल'मधली आरटीसीची (बोर्डावरच्या घड्याळाची) वेळ बघा. ती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, साडेपाच तास मागं दिसली तर घाबरू नका. त्याहून मागं असेल तर सेल बदला.

कापूसकाटा:
आरटीसी २०२२ दाखवतोय. आधी सेल आणतो.