सावईवेऱ्यातल्या सहा खुर्च्या: वय कसं ठरवायचं आणि मेस्ताचं नाव कुठे शोधायचं?

सावईची लेक

नमस्कार. मी इतिहासात एम.ए. करतेय, दुसरं वर्ष. प्रबंधासाठी गोव्यातल्या फोंडा महालातल्या (तालुक्यातल्या) घरांमधलं जुनं लाकडी सामान हा विषय घेतलाय आणि सुरुवात आमच्याच घरापासून केलीय.

सावईवेऱ्याला आमचं राजांगणाचं (मधल्या चौकाचं) जुनं घर आहे. ओसरीवर सहा खुर्च्या आहेत. बसायला विणलेला वेत, पाठीवर कोरलेली वेल, मधोमध कमळ. शिवाय लांब हातांची एक आरामखुर्ची, जिला घरात सगळे ‘व्होल्तेर’ म्हणतात, आणि माजघरात फणसाच्या लाकडाचं फडताळ.

आजी ८७ वर्षांची आहे. ती सांगते की तिच्या सासऱ्यांच्या लहानपणी एक मेस्त, म्हणजे सुतार, दोन पावसाळे आमच्याकडे राहिला. कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) वरच्या अंगाला शिसवीचं झाड होतं, ते पाडून त्यानं खुर्च्या केल्या. म्हणजे साधारण १९१० च्या आसपास. त्याचं नाव तिला माहीत नाही, ‘मेस्त’ एवढंच. त्याच्या हाताखालचा पोरगा रात्री घुमट (मातीचं चर्मवाद्य) वाजवायचा, हे मात्र सासूनं सांगितलेलं तिच्या पक्कं लक्षात आहे.

गेल्या वर्षी जुनं सामान विकत घेणारा एकजण आला होता. त्यानं खुर्च्यांकडे बघून लगेच सांगितलं, ‘दोनशे वर्षांपूर्वीचं इंडो-पोर्तुगीज काम.’ माझ्या मार्गदर्शक बाई म्हणतात, आजीचं ऐकून वर्ष लिहू नकोस आणि त्या माणसाचं ऐकून तर मुळीच नको. नुसत्या शैलीवरूनही लिहू नकोस. मग कशावरून लिहू?

वाचायला बसले तर जवळजवळ सगळं सोळाव्या-सतराव्या शतकावर. सागवानावर आबनूस आणि हस्तिदंत जडवलेले, पुष्कळ खणांचे ‘काँतादोर’ (कपाटं), ज्यांचे पाय नागिणींच्या आकाराचे असतात. ते आज लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहेत. फार सुंदर आहेत, फोटो बघत मी तासन् तास बसलेय. पण कुळागर असलेल्या हिंदू घराच्या ओसरीवर खुर्ची कधी आली आणि कुणी केली, यावर मला चार ओळी मिळत नाहीत. खुर्ची कुणाच्या घरातली, हे लिहिलेलं असतं. ती करणाऱ्याचा पत्ता नसतो. मला त्या मेस्तापर्यंत पोचायचंय. नाव नाही मिळालं तरी तो काम कसा करायचा, इथपर्यंत तरी.

रंधापटाशी

ताई, आधी खुर्ची उलटी करा.

मडगावात जुनं सामान दुरुस्त करायचं काम मी ३१ वर्षं करतोय, वडीलही तेच करायचे. खुर्चीची पुढची बाजू लोकांना दाखवायला केलेली असते. मेस्तानं जिथे रंधा फिरवायची तसदी घेतली नाही, ती जागा बघायची. बैठकीच्या चौकटीची आतली बाजू, पाठीच्या खालच्या पट्टीची मागची बाजू.

तिथे करवतीचे ओरखडे दिसतील. सरळ, जरा तिरके, कमी-जास्त अंतराचे असतील तर ओंडका दोघांनी हातकरवतीनं चिरलाय, एक वर उभा, एक खाली. बांगडीच्या तुकड्यासारखे वाकलेले आणि सारख्या अंतराचे असतील तर गिरणीची गोल करवत. मात्र हातकरवत दिसली म्हणून खुर्ची फार जुनी असं धरू नका. हातानं फळ्या चिरणारे लोक मी स्वतः लहानपणी पाहिलेत.

मग स्क्रू. टोक बोथट आणि डोक्यावरची खाच जरा एका बाजूला सरकलेली असेल तर तो जुना, हातानं पुरा केलेला नमुना. अणकुचीदार टोकाचे यंत्रावरचे स्क्रू १८४० च्या दशकानंतर पसरले. तारेचे गोल खिळे त्याहून उशिरा, १९ व्या शतकाच्या अखेरीकडे. इथेही सांभाळा. आमच्या धंद्यात जुना स्क्रू कुणी टाकत नाही, तो डब्यात जातो आणि वीस वर्षांनी दुसऱ्या खुर्चीला लागतो. त्यामुळे एका स्क्रूवर विसंबू नका, सगळे काढून बघा.

पाय कातलेले असतील तर कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) घेऊन एकाच जागी दोन बाजूंनी मोजा. लाकूड आडव्या अंगानं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे जुना गोल पाय थोडासा अंडाकृती झालेला असतो. हाताला कळत नाही, कॅलिपरला कळतं.

लाकडाचं म्हणाल तर लोक ज्याला शिसवी म्हणतात त्यातलं पुष्कळसं काळं पॉलिश मारलेलं सागवान निघतं. दहा पटीचं भिंग घ्या आणि जिथे लाकडाचं आडवं कापलेलं टोक उघडं आहे तिथे लावा. सागाला प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ दिसते. शिसवीची छिद्रं विखुरलेली असतात आणि रंगात जांभळट झाक असते. खात्रीच हवी तर बेंगळुरूच्या लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत लहानसा नमुना तपासून मिळतो. कुणीतरी वर्षवलयांचं सुचवेल. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेत सागाच्या वलयांवर मोठं काम झालंय, पण त्याला पुष्कळ वलयं सलग लागतात. खुर्चीच्या पायात ती मोजकीच असतात. त्या वाटेला वेळ घालवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सांध्यांजवळ पटाशीनं मारलेल्या उभ्या रेघा शोधा. एक, दोन, तीन, कधी फुलीसारख्या. सहा खुर्च्या एकत्र करताना कुठला कुसू (लाकडाचं खाचेत बसणारं टोक) कुठल्या खाचेत बसवायचा, याची ती मेस्ताची खूण असते. मी २४ वर्षांचा असताना एका घरच्या बारा खुर्च्या दुरुस्तीला आल्या. आतली बाजू ‘स्वच्छ’ करायची म्हणून सगळीकडून रंधा मारला. वडील संध्याकाळी आले, एक खुर्ची उलटी केली आणि कितीतरी वेळ बोललेच नाहीत. त्या माणसानं लिहून ठेवलेलं तेवढंच होतं आणि ते मी भुसा करून झाडून टाकलं होतं. म्हणून पाया पडून सांगतो, काम होईपर्यंत पॉलिश नको, तेल नको, ओलं फडकंही नको.

अजून एक, तुमच्या विषयाला धरून. आजीचं १९१० खरं असेल तर त्या काळी तयार खुर्च्या जगभर जात होत्या. व्हिएन्नाच्या थोनेतची वाफेवर वाकवलेली १४ नंबरची खुर्ची १८५९ ची. तिचे भाग सुटे करून एक घनमीटरच्या पेटीत ३६ खुर्च्या बसायच्या. ती बनावट गोव्यातल्या जुन्या घरांतून मी अनेकदा दुरुस्त केलीय. असं असताना तुमच्या खापरपणजोबांनी स्वतःचं झाड पाडून मेस्ताला दोन पावसाळे का जेवू घातलं? मला हा प्रश्न वयापेक्षा मोठा वाटतो.

त्या विकत घेणाऱ्याबद्दल: शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. घरच्यांना सांगून ठेवा.

मोडीवाचक

वरच्या दादांनी वस्तूचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो.

पणजीच्या पुराभिलेख खात्यात जा. १५९५ पासूनचं दप्तर आहे, दियोगु दु कोतु त्याचा पहिला रखवालदार. पण तुम्हाला इतकं मागे जायचं नाही. तुम्ही ‘इन्व्हेंतारियु’ मागा. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. माणूस गेला आणि वारसांत अज्ञान मुलं असली की मालमत्तेची यादी कोर्टापुढे व्हायची, वस्तूवार, किमतीसकट. खुर्च्या किती, बऱ्या की मोडक्या, कशाच्या लाकडाच्या. एकाच गावच्या चाळीस वर्षांच्या याद्या ओळीनं लावल्या की ओसरीवर खुर्ची कधी आली हे दिसू लागतं. आधी पाट, चौरंग, पेटारे, समया, आणि मग एका यादीत अचानक ‘चार खुर्च्या, वेताच्या’. अशी पहिली यादी हातात आली तेव्हा मी वाचनालयातून उठून बाहेर जाऊन चहा पिऊन आलो, इतका आनंद झाला होता.

पोर्तुगीज येत नसेल तर निदान एवढे शब्द पाठ करा: कादेइरा म्हणजे खुर्ची (आपलं ‘कदेल’ त्यातूनच), मेझा टेबल, आर्मारियु कपाट, आर्का पेटी, गावेता खण, पाल्यिन्या वेताची वीण, तेका साग, पाउ प्रेतु काळं लाकूड, जे बहुधा शिसवी असतं. आणि माणसाला ‘कार्पिंतैरु’ म्हटलंय की ‘मार्सिनैरु’, हे प्रत्येक वेळी टिपा. पहिला घरबांधणीचा सुतार, दुसरा सामान घडवणारा. आजी ज्याला मेस्त म्हणते तो शब्द पोर्तुगीज ‘मेश्त्र’ वरून आलाय, उस्ताद या अर्थानं.

कारागिराचं नाव मात्र या याद्यांत शोधू नका, तिथे मालकाचंच असतं. नाव मजुरीच्या नोंदीत मिळतं. फोंडा महालात देवस्थानांचे जुने जमाखर्च मराठीत आहेत, बरेचसे मोडीत. पालखीचा दांडा बदलला, रथाचं चाक केलं, चौकाचं कोरीव काम केलं, की मजुरी कुणाला दिली ते येतं. जो पालखी करायचा तोच पावसाळ्यात घरोघरी बसायचा, असं मला वाटतं. हे मात्र माझं मत आहे, प्रबंधात माझ्या नावावर घालू नका.

आणि ‘हिंदू घर’ ही चौकट फार घट्ट धरू नका. १५६७ च्या गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेनं हिंदू कारागिरांकडून चर्चच्या वस्तू करून घेऊ नयेत असं ठरवलं. असे हुकूम एकदाच निघाले नाहीत. पुन्हा पुन्हा मना करावं लागलं, म्हणजे काम चालूच होतं. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या ख्रिस्ती कला संग्रहालयात एक दिवस काढा, तिथल्या लाकडावरची पानंफुलं बघा आणि मग तुमची वेल बघा.

पेडण्याची बाय

बाळ, मी निवृत्त शिक्षिका. दप्तराचं मला कळत नाही, पण मेस्त घरी बसलेला मी पाहिलाय, १९५८-५९ साली, माझ्या आत्याच्या लग्नाआधी.

लाकूड आदल्या वर्षी अमावास्येला पाडलं होतं, किडू नये म्हणून. मग फळ्या तळीच्या चिखलात पुरून ठेवल्या. मेस्त सोप्यावर बसायचा. मजुरीचा काही भाग रोख, बाकी भात आणि नारळ. टेप नव्हती त्याच्याकडे, एक काठी होती, तिच्यावर पटाशीचे घाव. आजोबांना त्यानं उभं केलं, बसवलं, गुडघ्याच्या मागून जमिनीपर्यंत काठी लावली आणि घाव मारला. तीच आमच्या खुर्चीची उंची. माझे वडील आजोबांपेक्षा उंच होते, त्यांना त्या खुर्चीत कधी आराम वाटला नाही.

तुझ्या सहाही खुर्च्यांची उंची मोज. आणि आजीला ‘मेस्ताचं नाव काय’ असं परत परत विचारू नकोस. नाव आठवत नाही म्हणून ती खंतावेल. त्याला जेवायला कुठे वाढायचे, निजायचा कुठे, भांडला कुणाशी, हे विचार.

सावईची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी दिवसभर पाऊस होता, भाऊ आणि मी सगळ्या खुर्च्या उलट्या केल्या.

पाच खुर्च्यांना आतून हातकरवतीचे ओरखडे आहेत, एकही खिळा नाही, सांध्यांना लाकडी खुंट्या. चौकटीच्या आत पटाशीच्या रेघा आहेत, पुढच्या उजव्या पायाजवळ: एक, दोन, तीन, चार आणि सहा. पाच नाही! सहावी खुर्ची वेगळीच निघाली. तिला गोल करवतीच्या खुणा, तारेचे खिळे, रेघ कुठेच नाही. कमळाच्या पाकळ्याही सात, बाकीच्यांना आठ. इतकी वर्षं या खुर्च्यांवर बसलेय आणि हे कधी दिसलं नव्हतं.

आजीला जाऊन सांगितलं तर म्हणाली, ‘ती मागाहून केली. माझ्या लग्नात एक मोडली ना.’ म्हणजे १९५७. मी तिला गेले आठ महिने याच खुर्च्यांबद्दल विचारतेय, पण एकेका खुर्चीबद्दल कधी विचारलं नव्हतं. काकी, तुम्ही सांगितलं तसं जेवणाचंही विचारलं. मेस्ताला मागच्या पडवीत वाढायचे. तो मासळी खायचा नाही, श्रावणातच नव्हे, कधीच. आणि तो ‘डिचोलीकडून’ आला होता. हे मी पहिल्यांदा ऐकलं.

पाचही खुर्च्यांची उंची एकच भरली, सतरा इंचांना जरा कमी. सहावी अर्धा इंच उंच.

व्होल्तेर मात्र कोड्यात टाकणारी आहे. तिच्या हातांखाली चार स्क्रू आहेत, चारही बोथट, खाचा एका बाजूला. लाकूडही भिंगाखाली साग वाटतंय, शिसवी नाही. दादा, ती कदाचित आमच्या मेस्ताची नसेलच का?

रंधापटाशी

चारही सारखे असतील आणि भोकं घट्ट असतील तर ते मूळचेच स्क्रू समजायला हरकत नाही. एक स्क्रू काढून भोकात बारीक टॉर्च टाका. भोकाचं तळही बोथट टोकाला जुळेल असं असेल तर दुसरा स्क्रू तिथे कधी बसलेला नाही. मग ती खुर्ची बाकीच्यांपेक्षा बरीच आधीची, आणि बाहेरून आलेली असू शकते. लिलावात घेतली का, कुणाच्या घरून आली का, ते आजीला विचारा.

पटाशीच्या रेघांचे फोटो समोरून फ्लॅश मारून काढू नका, सपाट येतात. दिवे बंद करून टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून एका बाजूनं धरा, रेघ सावलीत उठून दिसते. शेजारी मोजपट्टी ठेवा. पटाशीच्या पात्याची रुंदी त्यावरून कळते, आणि पात्याला खाच पडलेली असेल तर प्रत्येक रेघेत तीच खाच दिसते. डिचोलीच्या बाजूला अशी खुर्ची कुठल्या घरी किंवा देवळात मिळाली, तर तीच खाच तिथे शोधा. पुढच्या महिन्यात मला कामासाठी तिकडे जायचंय, फोटो टाकलेत तर मीही बघून येईन.