पंजाची जखम भरतेय पण पट्टीमुळेच नवीन जखमा झाल्यात, काय करू?

चिकूची_ताई
आमचा चिकू सहा वर्षांचा लॅब्रेडॉर, तीस किलोच्या आसपास. बारा दिवसांपूर्वी काचेवर पाय पडला आणि पुढच्या डाव्या पंजाची मोठी गादी आडवी फाटली. टाके घातले, पट्टी केली, दर तीन दिवसांनी ड्रेसिंगला या म्हणाले. मधल्या एका वेळेला मला जमलंच नाही, पट्टी पाच दिवस तशीच राहिली आणि ती खाली घसरत होती म्हणून मी वरून घरातलं क्रेप बँडेज जरा आवळून गुंडाळलं. काल क्लिनिकमध्ये उघडली तर टाके छान आहेत पण आतल्या बाजूचं ते वरचं सुटं नख असतं ना त्याच्याखालची कातडी गेलीय, लालभडक ओलं झालंय, आणि मनगटाच्या मागे जी छोटी गादी असते तिच्यावर दुसरी जखम, शर्टाच्या बटणापेक्षा मोठी. बोटांच्या फटी पांढऱ्या पडल्यात आणि वास येतोय. डॉक्टरांनी साफ करून मलम लावून परत बांधलंय, परवा बोलावलंय. तो दोन दिवस पट्टी चावत होता आणि मी त्याला ओरडत होते, आता त्याचं फार वाईट वाटतंय. पट्टी काढून उघडं ठेवलं तर लवकर सुकेल का? आणि पट्टी घट्ट झालीय हे घरी ओळखायचं कसं?

निळी_छत्री
आमच्या कुत्रीला असंच झालेलं, आम्ही पट्टी काढून टाकली आणि हवेवर ठेवलं, आठवड्यात सुकलं. माझं मत काढाच.

ड्रेसिंगवाला
मी प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, डॉक्टर नाही, पण पंजाची ड्रेसिंग रोज हाताखालून जातात म्हणून लिहितो. निळी छत्री, तुमच्या कुत्रीला टाके होते का माहीत नाही, पण चिकूची गादी फाटलीय आणि टाके अजून आत आहेत, त्यामुळे पट्टी घरी काढू नका. पाय टेकला की गादी वजनाने पसरते आणि जखमेच्या कडा ओढल्या जातात, म्हणूनच गादीचे टाके बाकी कातडीपेक्षा उशिरा काढतात, बऱ्याचदा दोन-तीन आठवडे ठेवतात. पट्टी आत्ता सोडली तर बारा दिवसांची मेहनत एका उडीत जाईल.

आता हे का झालं ते. पट्टी घसरली की तिचा वरचा भाग गोळा होऊन दोरीसारखा आवळतो, आणि जिथे हाड वर आलेलं असतं तिथे कातडी आणि हाड यांच्यात मांस जवळपास नसतंच, मग दाबाने तिथलं रक्त थांबतं आणि कातडी मरते. ते सुटं नख आणि मनगटामागची गादी या दोन जागा हमखास. त्यात कुत्र्याला घाम पंजाच्या गाद्यांतूनच येतो, म्हणजे बाहेरून एक थेंब लागला नाही तरी आत ओल धरतेच, बोटांच्या फटी पांढऱ्या पडल्या त्या त्यामुळे. म्हणून घसरलेल्या पट्टीवर दुसरी पट्टी कधीच नाही. घसरली, भिजली किंवा वास आला तर पूर्ण काढून नवीन बांधायची, त्याच दिवशी.

एक गोष्ट परवा डॉक्टरांना आवर्जून विचारा. घासलेल्या जागेवर लोक मायेने जास्त कापूस ठेवतात पण उंचवटा वाढला की दाब नेमका तिथेच वाढतो. त्याऐवजी कापसाची चुंबळ करायची, डोक्यावर हंड्याखाली घेतात तशी, आणि जखम तिच्या मधल्या भोकात येईल अशी बसवायची. दाब चुंबळीच्या काठावर जातो आणि मधली जागा मोकळी राहते. बोटांच्या फटीत आणि सुट्या नखाच्या मागे कापसाची पातळ घडी हवीच.

घट्ट आहे का बघायला मधल्या दोन बोटांची टोकं पट्टीबाहेर दिसतील अशी बांधून घ्या. सकाळ-संध्याकाळ बघायचं, ती दोन नखं एकमेकांजवळ समांतर असली तर ठीक. फाकायला लागली म्हणजे बोटं सुजतायत. बोटं गार लागतायत, किंवा काल पाय टेकत होता आणि आज टेकतच नाही, किंवा अचानक पट्टी चावायला लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, तेव्हाच फोन करून घेऊन जा. घट्ट पट्टीने बोटं गेलेली मी बघितलीयत. आणि ताई, चावणं हा हट्ट नसतो, तोंड सोडून सांगायला त्याच्याकडे दुसरं काही नाही.

पावलं_चार
वरचं सगळं पटलं. माझं थोडं, मी माझ्या म्हाताऱ्या कुत्र्याची ड्रेसिंग महिनाभर डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरी केली त्यातून शिकलेलं. वरचं ताणणारं चिकट बँडेज सरळ रोलवरून गुंडाळायचं नाही, आधी सगळं सैल उलगडायचं, मग पुन्हा सैल रोल करून तसंच बांधायचं, ताण न देता, बोटांकडून वर. उलट वरून खाली बांधलं की सूज बोटांत उतरते. बाहेर शू-शीला नेताना वरून प्लास्टिकची पिशवी, पण घरात पाय ठेवला की लगेच काढायची, नाहीतर आत पाणी धरतं. पिशवीला रबर बँड लावायचा नाही, तो केसांत लपतो आणि विसरला तर पाय कापत जातो.

धुवायला अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा सपाट चमचा मीठ पुरतं. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड लावू नका, नवीन येणारं मांस त्याने जळतं. माणसांची दुखण्याची गोळी अजिबात नाही, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकने पोटात अल्सर होतात, किडनी जाते. घरातली मलमं पण नकोत, झिंक ऑक्साइडवालं चाटलं तर विषारी आहे आणि स्टेरॉइडवाल्याने जखम भरायची थांबते.

सावली_७
गळ्यातला कोन घाला, रात्री तर नक्कीच. चाटून जखम स्वच्छ होते हे खरं नाही, खरखरीत जिभेने खपली निघते आणि तोंडातले जंतू आत जातात. कोन नाकाच्या टोकापुढे थोडा आला पाहिजे, आखूड असेल तर पंजापर्यंत तोंड पोचतंच.

चिकूची_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. ड्रेसिंगवाला, तुमचं वाचून रात्रीच बोटं बघितली तर नखं थोडी फाकलेली दिसली आणि बोटं गार, म्हणून परवाची वाट न बघता सकाळी उघडल्याबरोबर घेऊन गेले. पट्टी खरंच आवळली होती, सूज होती पण बोटांचा रंग चांगला आहे. डॉक्टरांनी सैल बांधलीय, चुंबळीचं सांगितलं तर लगेच हो म्हणाले आणि दोन्ही जागी बसवली. आता आठवडाभर रोज ड्रेसिंग, टाके अजून दहा दिवस. मी रोज उघडल्यावर एकाच बाजूने फोटो काढतेय म्हणजे जखम लहान होतेय का कळेल. घरी आल्यावर पहिल्यांदाच तो पट्टीला तोंड न लावता झोपलाय, पाय लांब करून.

ड्रेसिंगवाला
फोटोची कल्पना चांगली आहे, शेजारी मोजपट्टी नाहीतर मोजायची टेप ठेवून काढा. कडा गुलाबी आणि आत येताना दिसल्या तर बरोबर चाललंय. काळपट पडल्या किंवा पू दिसला तर त्याच दिवशी दाखवा.