तळमजल्यावरच्या जुन्या मोझॅकवर व्हिनाइल प्लँक टाकायच्या आहेत, नागपूरच्या हवेत टिकतील का? सल्ला हवा

खिडकीतला_मोगरा
नमस्कार मंडळी. त्रिमूर्तीनगरात आमचं तळमजल्याचं घर आहे, बाबांनी १९९४ मध्ये बांधलेलं. सगळीकडे तेव्हाची मोझॅक फर्शी. पॉलिश करून करून तिच्यात आता जीव राहिला नाही, समोरच्या खोलीत तर मधोमध दबली आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून हिवाळ्यात गार फर्शीवर पाय टेकवला की तिला कळ येते. फर्शी फोडायची म्हणजे महिनाभर धूळ, आणि तेवढे दिवस दोघांना कुठे ठेवायचं? म्हणून लाकडासारख्या दिसणाऱ्या व्हिनाइल प्लँकचा, म्हणजे प्लास्टिकच्या फळ्यांचा, विचार करून राहिले आहे.

तीन खोल्या आहेत: समोरची १२ बाय १४, मधली १२ बाय १०, मागची १० बाय १०. एक दुकानदार म्हणतो ६ मिमीच्या लॉकवाल्या घ्या, दुसरा म्हणतो २ मिमीच्या चिकटवायच्या घ्या, निम्म्या पैशांत होईल. वॉटरप्रूफ दोघंही म्हणतात. समोरच्या खोलीला पश्चिमेची मोठी खिडकी आहे आणि उन्हाळ्यात तिथेच कूलर लागतो. ज्यांनी टाकून दोन-चार उन्हाळे काढले आहेत त्यांनी कृपया सांगा.

धरमपेठ_तिसरा_मजला
ताई, मी टाइलच्याच बाजूने आहे. जुन्या फर्शीवर केमिकलने व्हिट्रिफाइड बसते, फोडाफोड लागत नाही. पाणी, ऊन, कूलर, कशाचीच काळजी नको.

खिडकीतला_मोगरा
दादा, पटतं. पण सगळा खटाटोप आईच्या पायासाठी आहे, आणि व्हिट्रिफाइड डिसेंबरात मोझॅकइतकीच गार लागते.

लकडगंजचा_सुतार
ताई, मी चौदा वर्षं फ्लोरिंगचंच काम करतो. कोणती फळी घ्यायची हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, खाली काय आहे. दुरुस्तीला बोलावतात तेव्हा बहुतेक वेळा फळी चांगली असते आणि तिच्याखालची जमीन बिघडलेली असते.

तुमचा तळमजला, त्यात मधोमध दबलेली फर्शी. खाली काळी माती असेल असं धरून चाला. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा भराव हळूहळू बसत जातो. जुन्या घरांत फर्शीखाली प्लास्टिकचा थर बहुधा नसतो, त्यामुळे जमिनीतली ओल सरळ वर येते. मोझॅकमधून ती थोडी थोडी उडून जाते म्हणून तुम्हाला दिसत नाही. वर व्हिनाइल अंथरलं की तिचा रस्ता बंद होतो. मग ती कडेने निघते, खोलीत कुबट वास येतो, भिंतीच्या पायथ्याशी पुट्टी फुगते, आणि घरचे म्हणतात फ्लोरिंग खराब निघालं.

तपासणी घरच्या घरी होते. दीड फूट बाय दीड फुटाचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा फर्शीवर ठेवा, चारही कडा टेपने पक्क्या बंद करा. निदान १६ तास, मी तर २४ तास ठेवतो. आतून थेंब आले किंवा फर्शीचा तेवढाच भाग गडद झाला, तर ओल आहे. प्रत्येक खोलीत एक मध्यभागी आणि एक बाहेरच्या भिंतीजवळ लावा. तुम्ही ऑगस्टमध्ये विचारलं हे फार चांगलं झालं. एप्रिलमध्ये नागपुरातली कोणतीही फर्शी कोरडीच दिसते, आणि त्याच भरवशावर लोक काम करून टाकतात.

दुसरी तपासणी सपाटीची. दोन मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी फर्शीवर आडवी-उभी फिरवा. तिच्याखाली कुठेही ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसायला नको. जास्त असेल तिथे फळी पावलागणिक खाली-वर होते आणि तिचं लॉक तुटतं. लॉक म्हणजे फळीच्या कडेची बारीकशी जीभ आणि खाच, तिच्यात ताकद ती किती असणार.

आता माल. २ मिमीची चिकटवायची फळी मोझॅकवर घेऊ नका. खालच्या प्रत्येक सांध्याचा ठसा तिच्यावर उमटतो, आणि पुढे काढायची वेळ आली तर गोंदासकट फर्शी जाते. लॉकवाल्यांत दोन प्रकार येतात. एसपीसीचा गाभा दगडाची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि पीव्हीसी मिळून दाबलेला असतो. टणक असतो, उन्हाने कमी हलतो. डब्ल्यूपीसीचा गाभा फोमसारखा असतो. पायाला तो जास्त ऊबदार आणि मऊ लागतो, आईंना आवडेलही, पण लोखंडी आलमारीच्या पायाखाली दबतो. पश्चिमेची खिडकी पाहता मी एसपीसीच सांगेन. खाली फोमची गादी चिकटवलेली घेतली की मोझॅकचा गारठा पुष्कळ तुटतो. त्या गादीखाली आणखी फोम मात्र टाकू देऊ नका, लॉक ढिले होतात.

६ मिमी म्हटलं की विचारा, गादी धरून की गादी सोडून? दीड मिमी गादी असेल तर फळी साडेचारचीच झाली. आणि जाडीपेक्षा महत्त्वाचा तो वरचा पारदर्शक थर, वेअर लेयर. घासणं, खरचटणं सगळं तोच सोसतो. घरासाठी ०.३ मिमी चालतो, पण तुम्ही ०.५ घ्या. दुकानात 'मिल' नावाचं माप सांगतात, ते मिमी नाही. १२ मिल म्हणजे ०.३ मिमी, २० मिल म्हणजे ०.५ मिमी. नमुना हातात घेऊन हा थर ओळखता येत नाही, म्हणून डेटा शीट मागा. तिच्यावर वापराचा वर्ग छापलेला असतो. २३ म्हणजे घरातला भरपूर वापर, ३३ म्हणजे दुकान-ऑफिसातला भरपूर वापर. शीट दाखवायला टाळाटाळ करतील तिथून उठा.

कूलरची_खस
बेसाला आमच्या फ्लॅटमध्ये एसपीसीला तीन उन्हाळे झाले. पश्चिमेच्या खिडकीबद्दल माझा अनुभव सांगते. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ते हवेचं, सावलीतलं तापमान. काचेतून दुपारभर थेट ऊन पडतं तिथली जमीन त्याहून कितीतरी जास्त तापते. पहिल्याच मेमध्ये आमच्या खिडकीपाशी दोन ओळी मधून उचलल्या गेल्या. कारण कळलं तेव्हा वाईट वाटलं: कारागिराने त्या भिंतीला जागाच सोडली नव्हती, फळ्या पार टेकवून बसवल्या होत्या. पसरायला जागा नाही म्हणून वर आल्या. दुसऱ्या माणसाने कडेने कापून १० मिमी जागा केली, फळ्या आपोआप बसल्या. तेव्हापासून दुपारी जाड पडदा ओढलेला असतो. रंगही फिकाच घ्या, गडद रंग जास्त तापतो.

कूलरच्या दमट हवेने काही होत नाही. पण टाकी भरताना पाणी सांडतं आणि आपण ते 'वॉटरप्रूफ आहे' म्हणून तसंच राहू देतो. फळीला पाण्याने काही होत नाही हे खरं. मात्र कडेच्या फटीतून पाणी खाली गेलं की ते तिथून सुकत नाही. लगेच पुसा.

लकडगंजचा_सुतार
कूलरच्या खसताई अगदी बरोबर सांगून राहिल्या. चारही भिंतींना ८ ते १० मिमी जागा हवीच, आणि चौकटीच्या पायाशीही, तिथे तर सगळेच विसरतात. वरून स्कर्टिंग येते, ती भिंतीला ठोकायची, फळीला नाही. खोली बदलते तिथे दारात पट्टी देऊन सांधा तोडायचा. मोगराताई, कूलरच्या खिडकीखालच्या फटीत लवचीक सिलिकॉन भरून घ्या, म्हणजे पाणी खाली उतरणार नाही.

दिवस कोणते निवडाल, यालाही अर्थ आहे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० च्या आसपास येतो आणि मेमध्ये ४५ ओलांडतो. ऐन थंडीत आकसलेला माल घट्ट बसवला तर तो उन्हाळ्यात फुगणारच, आणि भर मेमध्ये बसवला तर हिवाळ्यात सांधे उघडतात. दिवाळी झाल्यावरचे पंधरा-वीस दिवस सगळ्यात चांगले. खोके त्याच खोलीत आडवे ठेवून ४८ तास द्या.

नागनदीकाठ
सप्टेंबर २०२३ ची रात्र इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. चार तासांत शंभर मिलीमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, आमच्या तळमजल्यात गुडघ्यापर्यंत पाणी. समोरच्या खोलीत लॉकवाली एसपीसी होती. पाणी ओसरल्यावर फळ्यांवर चिखलाचा थर, आणि खाली त्याहून जास्त गाळ. आम्ही एका कोपऱ्यापासून एकेक फळी सोडवली, पाठीवर खडूने नंबर टाकले, अंगणात धुतल्या, उन्हात न ठेवता सावलीत वाळवल्या. खालची फर्शी घासून, ब्लीचिंगच्या पाण्याने पुसून तीन आठवडे पंखे लावून सुकू दिली. मग नंबराप्रमाणे परत बसवल्या. अकरा फळ्यांचे लॉक तुटले होते, पण एक खोका शिल्लक ठेवला होता म्हणून भागलं. तो नसता तर त्या छटेचा माल बाजारात मिळाला नसता. तेव्हा खोक्यांवरचा बॅच नंबर सगळ्यांवर एकच आहे ना ते पाहा आणि निदान एक पूर्ण खोका माळ्यावर ठेवून द्या.

स्कर्टिंग मात्र आमची एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची होती, फुगून वाया गेली. पाणी नाही आलं तरी तिला वाळवी लागते. पीव्हीसीची घ्या.

खिडकीतला_मोगरा
सगळ्यांचे मनापासून आभार. प्लास्टिक लावून पाहिलं. समोरची आणि मधली खोली २४ तासांनी कोरडी. मागच्या खोलीत मात्र भिंतीजवळच्या तुकड्यात आतून थेंबच थेंब, आणि मधल्या तुकड्याखालची फर्शी काळपट. पट्टी फिरवली तर समोरच्या खोलीत मधोमध ९ मिमीची खोल जागा निघाली. कारागिराला सांगितलं तर म्हणतो, डबल फोम टाकून लेव्हल करून देतो, मागच्या खोलीतही प्लास्टिक अंथरलं की झालं. काय करू?

लकडगंजचा_सुतार
डबल फोमने लेव्हल होत नाही, खड्डा फक्त झाकला जातो. या कारागिराला काम देऊ नका, हे स्पष्ट सांगतो. समोरच्या खोलीत फर्शीवरचं पॉलिश घासून काढायचं, प्रायमर मारायचा आणि सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड, म्हणजे ओतलं की आपोआप सपाट पसरणारं सिमेंटसारखं मिश्रण, ओतायचं. पोतं दाखवून घ्या, पाणी त्यावर लिहिलंय तेवढंच घालायचं, सुकायला सांगितलेला वेळ पूर्ण द्यायचा. तो खर्च टाळू नका. बजेट बसत नसेल तर एक खोली कमी करा, हे कमी करू नका.

मागच्या खोलीत सध्या काहीच टाकू नका. प्लास्टिकखाली ओल तशीच राहील आणि भिंतीत चढेल. त्या भिंतीच्या बाहेर काय आहे?

खिडकीतला_मोगरा
कपडे-भांडी धुवायची जागा आहे. आज जाऊन पाहिलं, तिथला उतार भिंतीकडेच आहे. इतकी वर्षं रोजचं पाणी पायथ्याशी मुरून राहिलं, कोणाच्याच लक्षात आलं नाही.

लकडगंजचा_सुतार
मग पहिले तो उतार उलटा करून घ्या आणि पुढच्या पावसाळ्यात परत प्लास्टिक लावा. दोन खोल्यांचे १२ बाय १४ चे १६८ आणि १२ बाय १० चे १२०, मिळून २८८ चौरस फूट होतात. कापण्यात जाणारं ८ टक्के धरा, म्हणजे ३११. त्यावर शिल्लक ठेवायचा एक खोका. दाराच्या खालून किती मिमी तासावं लागेल ते माल घ्यायच्या आधी मोजा.

माहेर_महाल
मोगराताई, देवघर त्या खोलीत असेल तर एक सांगते. व्हिनाइलला निरांजनाची, उदबत्तीच्या ठिणगीची झळ सोसत नाही, काळा डाग पडतो तो जात नाही. आम्ही खाली संगमरवराचा तुकडा ठेवला आहे. महालक्ष्म्यांच्या वेळी मखर ओढत नेऊ नका, उचलून ठेवा. आणि मागे रबर असलेली पायपुसणी नकोत, रबराचा पिवळा डाग आतपर्यंत जातो. सुती दरी चालते.

खिडकीतला_मोगरा
काम झालं, म्हणून लिहिते. दिवाळीनंतर पहिल्या आठवड्यात उतार उलटा करून घेतला. मग समोरच्या खोलीत कंपाउंड, ते चार दिवस सुकू दिलं. माल ५.५ मिमीचा, त्यात १.५ मिमी गादी, वरचा थर ०.५, डेटा शीटवर वर्ग ३३. दुसरा कारागीर मिळाला, त्याने स्वतःहून फटीसाठी लाकडाचे तुकडे भिंतीला लावले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तीन-चार खोक्यांतल्या फळ्या मिसळून लावल्या, म्हणून एकसारख्या रेघा कुठेच आल्या नाहीत. दोन खोल्या दोन दिवसांत. आईबाबा तेवढे दिवस मागच्या खोलीत राहिले, कुठे जावं लागलं नाही. डिसेंबरात आई पहाटे मोजे न घालता देवघरापर्यंत गेली. मला तेवढंच हवं होतं.

कूलरची_खस
छान वाटलं वाचून. मे गेला की नक्की कळवा.

खिडकीतला_मोगरा
मे गेला. पडदा दुपारी बंद ठेवला, कूलर रोज चालला, पाणी दोनदा सांडलं आणि लगेच पुसलं. खिडकीपाशी पट्टी लावून पाहिली, कुठे उचललेलं नाही. फक्त दारातल्या पट्टीचा एक स्क्रू ढिला झाला होता, तो आवळला.

काल जुलैच्या पावसात मागच्या खोलीत प्लास्टिक परत लावलं. मधला तुकडा यंदा कोरडा आहे. भिंतीजवळच्या तुकड्यात एका कोपऱ्याला अजून गडद डाग येतो. सुतारदादा, ती खोली यंदाही तशीच ठेवते, आईसाठी सुती दरी अंथरली आहे. पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा लावून पाहीन.