विमानाचा रेडिओ ऐकतो नीट, पण बोललेले दूर पोहोचत नाही, एसडब्ल्यूआर १.७ असूनही दोष कुठे शोधावा?

प्रश्न (सोलापूर):
होटगी रस्त्यावरील विमानतळावर उभ्या असलेल्या एका दोन आसनी विमानाचे काम मी वरिष्ठ अभियंत्यांच्या हाताखाली करतो आहे. विमान थोडे दूर गेले की वैमानिकाचा आवाज जमिनीवर क्षीण आणि खरखरीत येतो. रेडिओ बदलूनही फरक पडला नाही. रेडिओमागची, अँटेनाकडे जाणारी कोॲक्स केबल सोडवून तिला हातातला अँटेना ॲनालायझर जोडला, तर ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे विमानाच्या रेडिओच्या पट्ट्यात, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती लाट परत फिरते याचे माप; १ म्हणजे काहीच परत नाही) १.७ च्या आसपास दिसतो. आता अँटेना आणि केबल निर्दोष समजावेत का?

उत्तर १:
मुळीच समजू नयेत. खराब केबल अँटेनाकडे जाणारी लाट जशी गिळते, तशीच परतणारीही गिळते. समजा, केबलमध्ये एका दिशेने ३ डेसिबल घट आहे, म्हणजे निम्मी शक्ती वाटेतच संपते. अशा वेळी अँटेनाचा खरा एसडब्ल्यूआर ३ असला, तरी रेडिओच्या टोकाला तो साधारण १.७ च दिसतो. आपला आकडा मला याच कारणाने संशयास्पद वाटतो.

अँटेनाकडचे टोक सोडवून मोकळे ठेवा आणि रेडिओच्या टोकाकडून रिटर्न लॉस, म्हणजे परतणारी लाट पाठवलेल्या लाटेपेक्षा किती डेसिबलने कमी आहे, ते मोजा. सगळी लाट परत येत असल्याने त्या आकड्याचा निम्मा भाग ही केबलची एकेरी घट होय. चार-पाच मीटरच्या धड केबलला ती १ डेसिबलच्या आतच असावी. मोजण्यापूर्वी ॲनालायझरला ओपन (मोकळे टोक), शॉर्ट (जोडलेले टोक) आणि ५० ओहम लोड लावून कॅलिब्रेशन अवश्य करा.

उत्तर २:
वरील उत्तराशी सहमत आहे. केबलमध्ये दोष किती अंतरावर आहे हे ॲनालायझरवर पाहताना मात्र केवळ या १९ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात स्वीप (ओळीने एकेका फ्रिक्वेन्सीवर मोजणी) करू नका. त्यातून सुमारे पाच मीटरपेक्षा बारीक फरक कळत नाही, आणि आपली केबलच तेवढी असेल. स्वीप काहीशे मेगाहर्ट्झचा ठेवा. विमान हँगरबाहेर मोकळ्यावर घ्या, कारण जवळच्या पत्र्यामुळे अँटेनाची मोजमापे बिघडतात.

प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचे मनापासून आभार. मोकळ्या टोकाचा रिटर्न लॉस ६ डेसिबलच्या आसपास आला, म्हणजे एकेरी घट खरोखरच ३ डेसिबल. अँटेनाकडील बीएनसी कनेक्टर हलवला की पडद्यावरची रेषा उसळत होती. तो उघडल्यावर आतली केबलची तारांची जाळी काळी पडून ओलसर हिरवट झालेली दिसली. केबल पूर्ण बदलावी की केवळ टोक कापून नवा कनेक्टर बसवावा?

उत्तर १:
पूर्ण बदला. जाळीत शिरलेले पाणी आवरणाखालून बरेच आतपर्यंत पसरते. अँटेनाही उतरवा, बुडाखालचा रंग आणि गंज देखभाल पुस्तिकेप्रमाणे काढून विमानाच्या पत्र्याशी जोड पक्का करा. नाहीतर अँटेनाचा एसडब्ल्यूआर ३ च राहील आणि नव्या केबलमुळे तो आता रेडिओच्या टोकालाही उघड दिसेल.