नागपूरचं राज्य गेममध्ये टिकवायचं तर इतिहास कुठे वळवायचा? १८५३ की १८०३?

महालकर

आम्ही काही जण नागपुरात बसून एक स्ट्रॅटेजी गेम बनवून राहिलो आहोत. कल्पना अशी की भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालंच नाही. खेळाडूने ते विसाव्या शतकापर्यंत चालवायचं.

माझं ठाम मत आहे की इतिहासाला फाटा फुटायची जागा १८५३ हीच. नागपूरचे राजे तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ ला वारले. मुलगा नाही, दत्तक घेतलेला नाही. घराण्यातल्या ज्येष्ठ बांकाबाईंना नात्यातल्या यशवंतरावांना गादीवर बसवायचं होतं. खुद्द रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, मॅन्सेलने खालसा करण्याच्या विरोधात मत दिलं होतं. गव्हर्नर जनरल डलहौसीने ऐकलं नाही. मग सीताबर्डीवर राजवाड्याच्या हत्तीघोड्यांचा लिलाव झाला आणि जवाहीर विकायला कलकत्त्याला गेलं. एका माणसाचा निर्णय बदलला की पुढचं सगळं बदलतं, इतकी स्वच्छ जागा शोधूनही सापडत नाही.

अशा गेममध्ये बहुतेक लोक आधी झेंडा काढतात, मग अटकेपासून कटकेपर्यंत नकाशा भगवा करतात, आणि दोन तासांत खेळ कंटाळवाणा होतो. मला तंगीत असलेलं, पण जिवंत राज्य हवं आहे. आणि फार टिकायचंही नाही! १ नोव्हेंबर १८५८ ला आणखी मुलूख घेणार नाही असा राणीचा जाहीरनामा आला, १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तक घ्यायच्या सनदा मिळाल्या. म्हणजे पहिल्या टप्प्यात खेळाडूला चार-पाच वर्षं गादी सांभाळायची आहे, बस.

कामठी रोड

भाऊ, अजिबात पटलं नाही. १८५३ ला सांभाळण्यासारखं राज्य उरलं होतं कुठे? २६-२७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीची लढाई हरलो, तेव्हापासून शहराच्या डोक्यावरची टेकडी इंग्रजांच्या ताब्यात. १८२१ मध्ये कामठीला त्यांची छावणी बसली. खेळाडूने करायचं काय, रेसिडेंटला खलिते लिहायचे?

फाटा १८०३ ला फोडा. २९ नोव्हेंबर १८०३ ला आडगावला हरलो आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहात कटक आणि बालासोर गेलं, म्हणजे अख्खा समुद्र गेला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही गेला. ज्या घराण्याने १७५१ मध्ये नवाब अलीवर्दीखानाकडून बंगालची १२ लाखांची चौथाई कबूल करून घेतली, त्याला बंदर नाही म्हणजे परक्याला विचारल्याशिवाय तोफ आणता येत नाही. ओडिशाचा किनारा राहिला तर खेळाडूसमोर खरे निर्णय येतात: आरमार, मीठ, जगन्नाथपुरीची यात्रा, बंगालच्या वाटेवरची नाकी.

दुसरं म्हणजे तुमच्या मांडणीत भोक आहे. नागपूर वाचलं तर वारस नाही म्हणून खालसा करायचं धोरण झाशीला कसं लावणार? झाशी वाचली तर १८५७ तसं घडेल का? आणि ते घडलं नाही तर १८५८ चा जाहीरनामा येणार कुठून? झाड तोडून फळ मागता आहात.

महालकर

हा मुद्दा मोलाचा आहे, पण उत्तर खऱ्या इतिहासातच आहे. राजस्थानातलं करौली बघा. तिथला राजा १८५२ मध्ये निपुत्रिक वारला. डलहौसीला तेही खालसा करायचं होतं, पण कंपनीच्या लंडनच्या संचालकांनी त्याला नाही म्हटलं, कारण करौली हे जुनं, दोस्त म्हणून धरलेलं राज्य होतं. झाशी त्यांनी कंपनीच्या मेहरबानीचं राज्य ठरवलं. म्हणजे प्रत्येक गादीचा निवाडा वेगळा होत होता. नागपूर वाचूनही झाशी जाऊ शकते. अवधचं तर कारणच निराळं, १८५६ मध्ये गैरकारभाराच्या नावाखाली घेतलं. मेरठच्या काडतुसांचा नागपूरच्या गादीशी संबंध नाही.

गेमची पहिली मोठी घटना यातूनच निघते. लंडनला वकील पाठवून सिद्ध करायचं की नागपूर करौलीसारखं आहे, झाशीसारखं नाही. खजिन्यातला पैसा त्यावर घालायचा की फौजेवर, हे खेळाडूने ठरवावं.

कामठी रोड

आणि तो दावा तुम्ही हराल. डलहौसीचं म्हणणं हेच होतं की सीताबर्डीला हरलेल्या आप्पासाहेब भोसल्यांनंतर १८१८ मध्ये राज्य कंपनीने जिंकलं आणि रघूजींना बक्षीस म्हणून परत दिलं. त्यावर वकील काय बोलणार? १८१८ च्या आधी गेल्याशिवाय सुटका नाही. मी १८०३ वरून हलत नाही.

चांदागड

दोघांचंही वाचलं. दोघंही गादीवरच बोलून राहिले. या राज्यात राहत कोण होतं?

नागपूर वसवलं देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, १७०२ मध्ये. भोसल्यांनी देवगड घेतल्यावरही गोंड राजाला नागपुरातच नावापुरतं गादीवर ठेवलं, कारण त्याच्या नावाला लोकांत मान होता. तुमच्या गेममध्ये हा राजा कुठे आहे? कच्चा नकाशा मी पाहिला. चांदा (आजचं चंद्रपूर), बस्तर आणि छत्तीसगडचा पूर्व भाग एकाच फिकट हिरव्या रंगात, वर लिहिलं आहे 'जंगल', महसूल जवळजवळ शून्य. तिथे जमीनदाऱ्या होत्या, लोखंड गाळणारे लोक होते, आठवडी बाजार होते. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले, २१ ऑक्टोबर १८५८ ला त्यांना चांद्याला फाशी दिलं. तुमच्या खेळात भोसले वाचले तर हे जमीनदार कुणाच्या बाजूने उभे राहतील? भोसल्यांच्या बाजूनेच राहतील असं धरून चालू नका. फाटा कुठेही फोडा, पण निम्म्या मुलखाला स्वतःचं मत नसेल तर ते राज्य खोटं आहे.

इतवारी

चांदागड ताईंना माझा पाठिंबा. आता महसुलाचं बोलतो, कारण माझ्या मते तारखेचं भांडणही तिथेच सुटतं.

१८५३ साली दोन गोष्टी घडल्या. मे महिन्यात निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं, डिसेंबरात रघूजी गेले. म्हणजे वर्धा नदीच्या पश्चिमेचा कापूस आधीच इंग्रजांकडे. तरी हिंगणघाट आणि आर्वी नदीच्या अलीकडे, आपल्याकडे राहतात. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला आणि इथला भाव चढला. तो पैसा खेळाडूच्या खजिन्यात येतो, आणि खरी परीक्षा इथे आहे. मुंबईची रेल्वे नागपूरला १८६७ मध्ये पोचली. संस्थानातून रूळ गेले की त्या पट्टीवरचा अधिकार सोडावा लागायचा. पण होळकरांनी खंडवा-इंदूर मार्गासाठी १ कोटीचं कर्ज दिलं, गायकवाडांनी १८६२ मध्ये डभोईला बैलांनी ओढायची गाडी चालवली. मग भोसल्यांनी काय करावं? पट्टी सोडून रूळ घ्यावेत, की कापूस बैलगाड्यांनी नेत राहावा? टाटांनी १८७७ ला एम्प्रेस मिल इथे काढली ती कापूस, रेल्वे आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ होता म्हणून. संस्थानात ते आले असते का?

कामठी रोड म्हणतात खेळाडूला काम नाही. हे सगळं कामच आहे. १८०३ घेतलं तर साठ वर्षांचं जग नव्याने रचावं लागेल आणि यातलं एकही खात्रीने वापरता येणार नाही.

कामठी रोड

नव्याने रचणं हेच तर अशा गेमचं काम आहे. होळकरांसारखं कर्ज देणारं राज्य उभं करायचं असेल तर इंदूरचा इतिहास वाचावा, गेम कशाला बनवायचा? मला आडगावला जिंकलेला नागपूरकर बघायचा आहे.

महालकर

सुरुवात १८५३ चीच राहील. १८०३ साठी वेगळा नकाशा लागेल, तो कामठी रोड भाऊंनी करावा. कटकेची नाकी आणि बंदरांची माहिती माझ्याकडे जमली आहे ती देतो. हिरवा रंग काढतो. चांद्याच्या जमीनदाऱ्या वेगवेगळ्या दाखवू, प्रत्येकीची दरबारावरची मर्जी वेगळी मोजू, आणि गोंड राजाच्या मानाला खेळाडूने धक्का लावला तर ती घसरेल. ताई, कोणत्या जमीनदाऱ्या आधी घ्यायच्या ते तुम्हीच ठरवा.

चांदागड

अहेरीपासून सुरू करा. आणि लोखंडाला महसूल लावा.