तलावाच्या तळाशी रुतलेली नायलॉनची जाळी कशी काढावी?

बोडीकाठ:
अर्जुनी-मोरगाव तालुक्यातला मालगुजारी (मालगुजारांच्या काळातला जुना) तलाव आहे. बुडालेल्या खुंटांत तुटकी जाळी अडकून पडली आहेत. मे महिन्यातही मधोमध पुरुषभर पाणी असते. लोक म्हणतात, प्लास्टिक तरंगते, पावसात सांडव्यावरून वाहून जाईल. खरं का? नाहीतर काढावी कशी?

डोंगेवाला:
नाही जाणार भाऊ. नायलॉन पाण्यापेक्षा जड, घनता १.१४; त्यात खालच्या दोराला शिसं. वरची बुचं शाबूत असली तर जाळं तळाशी उभं राहून मासे धरतच राहतं. मरळीला हवेसाठी वर यावंच लागतं, ती अडकली की गुदमरून मरते. मेलेल्या माशावर खेकडे अन् कासवं येतात, तीही गुंततात.

लोहाराकडून १२ मिमी सळईचा चार नख्यांचा आकडा करून घ्या, ३-४ किलोचा. आकडा आणि दोर यांच्यामध्ये दीड मीटर साखळी हवीच. नसली तर ओढताना आकडा उचलला जातो अन् जाळ्यावरून नुसता सरकतो. डोंगा हळू चालवा, दोन-दोन मीटरवर पट्टे पाडा, मग आडवे. अडकलं की हिसका देऊ नका. जुनं जाळं फाटतं अन् निम्मं खालीच राहतं. उलट्या बाजूला जाऊन ओढा. ओढायचं ते डोंग्याच्या टोकावरून, त्याच्या बाजूवरून ओढलं की डोंगा कलंडतो. दोर कमरेला बांधायचा नाही, बुडी मारून सोडवायला तर जायचंच नाही.

गाळपेर:
तरंगण्याचं म्हणाल तर पॉलिथिनची पिशवी सुरुवातीला तरंगते, शेवाळ अन् गाळ चढला की बुडते. १९९८ साली पॅसिफिक महासागरातल्या मारियाना गर्तेत १०,८९८ मीटर खोल पिशवी कॅमेऱ्यात दिसली होती. अन् तुमच्या सांडव्यावरून जे जाईल ते वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराकडे.

काढलेल्याची नोंदही ठेवा. समुद्रतळावरचा कचरा ट्रॉलने (बोटीमागे तळावरून ओढायच्या जाळ्याने) मोजतात तेव्हा जाळ्याच्या तोंडाची रुंदी गुणिले ओढलेलं अंतर, एवढ्या क्षेत्रात किती किलो, असा हिशोब असतो. आकड्याला मात्र जाळी-दोरच लागतात, बाटल्या निसटतात. म्हणून तुमची मोजणी कमीच भरणार.

बोडीकाठ:
काढलेली जाळी पाळीवरच जाळली तर?

डोंगेवाला:
नको. नायलॉनच्या धुरात हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू असतो. शिसं कापून वेगळं ठेवा, चुलीवर वितळवू नका. परसबागेच्या कुंपणालाही ते जाळं लावू नका, धामण गुंतून मरते.